कुटुंब म्हणजे

वाशीच्या दवाखान्यात, औषधांच्या खिडकीशेजारी
माझं टेबल आहे. वर पाटी : योजना मदत कक्ष.
कक्ष म्हणावा तर भिंती नाहीत.
नवं परिपत्रक आलं की पंच करून फाइलला लावते,
जुनं काढत नाही.
जुन्यातले रुग्ण अजून जिवंत असतात.

सुलभा उतेकर सव्वीस तारखेला रात्री आल्या,
कोपरखैरण्याहून, रिक्षात बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन.
तुर्भ्याच्या बाजारात लसूण निवडून
बोटांची सालं निघालेली.
कार्ड पुढे केलं, तर कार्डालाही तोच वास.

मी नियम उघडले.
या नियमांत, संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर,
‘कुटुंब’ याचा अर्थ पती, पत्नी, दोन अपत्ये
आणि अवलंबित आईवडील.
संदर्भ समोर स्ट्रेचरवर धापा टाकत होता.
त्याला दुसरा अर्थ अपेक्षित आहे का,
हे ठरवायचा अधिकार या टेबलाला नाही.

“अवलंबित कोण?” मी विचारलं. तसा रकाना आहे.
सुलभाताईंनी बहिणीकडे पाहिलं.
पैसे ह्या आणतात.
पण ह्यांना इन्सुलिन ती टोचते,
हंडे ती चढवते, तीन मजले,
बँकेत सही कुठे करायची ते ती बोट ठेवून दाखवते.
“एकमेकींवर,” त्या म्हणाल्या.
रकान्यात एकच नाव मावतं.

दोन स्टेंट.
पतपेढीचं कर्ज, भिशीचा नंबर अलीकडे ओढून घेतलेला,
उरलेलं शेठकडून, हंगामावर फेडीन म्हणून.

एक तारखेपासून नियम बदलला.
दुरुस्ती एका ओळीची :
‘आईवडील’ या शब्दानंतर
‘व सोबत राहणारी अविवाहित बहीण’ हे शब्द घालण्यात यावेत.
मंत्रालयात कुणाला तरी बहीण असणार,
मला एवढंच सुचलं.
आणि तळाला :
सदर दुरुस्ती भूतलक्षी प्रभावाने लागू राहणार नाही.
तो शब्द मी वाचून दाखवला.
“म्हणजे मागचं बघणारा?”
हो.
“मग राहू दे. मागं बघून आम्हाला तरी काय मिळालं.”

तरी नाव घालायचं म्हणून परत आल्या, यावेळी दोघी.
अविवाहित असल्याचा पुरावा जोडावा, असं पोटकलम.
एकसष्टाव्या वर्षी, न झालेल्या लग्नाचा.
झालं असतं तर पत्रिका असती,
फोटो, आहेराची वही, एखादा रुसलेला मामा.
कुसुमताई छातीवर हात ठेवून हळूच हसल्या,
“वसाहतीत विचारा की. सगळे सांगतील.
विचारलं त्यापेक्षा जास्तच सांगतील.”
शेवटी नगरसेवकाच्या लेटरहेडवर भागलं.

संगणकाला मात्र दुरुस्ती अजून पोचली नव्हती.
‘नाते’ समोरची यादी उघडली :
पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील,
आणि सगळ्यांत खाली, इतर.
दाबलं.
प्रिंट निघाली : कुसुम उतेकर, वय ६१, इतर.

मी पेनाने ते खोडलं. वर लिहिलं, बहीण.
शेजारी शिक्का मारला, जरा तिरका बसला.
अशी दुरुस्ती करायचा मला अधिकार नाही.
तिला प्रभाव नाही, मागचा नाही, पुढचाही नाही.

अर्ध्या तासाने दोघी दारात दिसल्या.
समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून
कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं.
मूळ प्रत लॅमिनेट करू नये,
असं मागच्या बाजूला बारीक छापलेलं असतं.
मी काही बोलले नाही.
प्लास्टिक अजून गरम होतं,
दोघी आळीपाळीने त्यावर फुंकर घालत होत्या.