कूस

घणसोली गावठाणात, खाडीकडच्या खोलीत,
सासऱ्यांच्या खाटेखाली थर्माकोलचा खोका.
मासळीचा होता, वास अजून गेलेला नाही.
आत चाळीसचा बल्ब, वाटीभर पाणी
आणि बावीस अंडी.
पेन्सिलीनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा.

दिवसातून पाचदा वळवायची.
चारदा नाही. आकडा विषम हवा,
म्हणजे रात्रभर कालचीच बाजू खाली येत नाही.
हे काथोडमामांनी शिकवलं,
पडल्या पडल्या, अर्ध्या तोंडानं.

त्यांनाही वळवायचं असतं, दर दोन तासांनी.
एक हात खांद्यामागे, एक गुडघ्यामागे,
पाठीशी चादरीची गुंडाळी.
कधी वाटतं, यांच्याही कुशीवर
फुली काढून ठेवावी.

एकाच अंगावर राहिलं की चिकटतं, ते सांगतात.
पिल्लू आतल्या पापुद्र्याला.
माणूस कशाला, ते सांगत नाहीत.
वळत राहिलेलं पिल्लू नीट बसतं:
डोकं रुंद टोकाकडे, जिथे हवा साठलेली,
चोच उजव्या पंखाखाली.
कूस उजवली म्हणतात बायका,
तेव्हा कोणाच्या मनात उजवा पंख असेल का?

तेराव्या रात्री लाईट गेली.
मी खोक्यावर टॉवेल टाकला.
मामांनी चालत्या हातानं
स्वतःची गोधडी खाली ढकलली.

अठराव्या दिवशी म्हणाले,
"आता हात नको लावू. पोर आपलं आपुन वाट बगल."
मग भिंतीकडे तोंड करून,
"आज मना पन नको वलवू."
मी म्हटलं, तुमचे दिवस कोणी मोजलेत?
आणि वळवलंच.

एकविसाव्या दिवशी सतरा निघाली,
ओली, चिडलेली.
चार अंडी गारच.
आणि एकाला तडा, पण निमुळत्या टोकाला.
उचलून पाहिलं तर
दोन्ही अंगांना फुली.
म्हणजे अठरा दिवस मी ते वळवत होते
की नुसतंच उचलून ठेवत होते,
देव जाणे.

नखानं तांदळाएवढं टरफल काढलं.
रक्ताचा ठिपका दिसला. थांबले.
आतून टकटक चालू होती,
चुकीच्या टोकाकडून.

"कुठल्या बाजूचं?" मामांनी विचारलं.
दोन तास होऊन गेले होते.
मी हात धुतले,
एक खांद्यामागे घातला, एक गुडघ्यामागे,
आणि त्यांना खोका दिसेल असं
वळवलं.