बुडबुडा

इंजिन स्वयंपाकघरात आणलं, कारण शेडमध्ये उणे एकतीस,
आणि त्या थंडीत पाना बोटांना धरतो, सोडत नाही.
टेबलावर जुनी वर्तमानपत्रं. त्यांवर इंजिन
उघडं, सोललेल्या रेनडिअरसारखं.
कोपऱ्यातल्या फळीवरून संत त्रिफोन बघतोय.
बघू दे.

डावा पिस्टन ठीक.
उजव्याच्या अंगावर चार ओरखडे, वरपासून खालपर्यंत,
अस्वलानं झाडावर ओढावेत तसे.
डिसेंबरात तळ्याच्या मधोमध हा असा आवळला गेला
आणि एव्वान बावीस किलोमीटर चालत आला,
पायाची दोन बोटं ईवालोच्या दवाखान्यात ठेवून.
मी म्हटलं, तेल कमी घातलंस. कंजुषी केलीस.
तो म्हणाला, पन्नासाला एक. मोजून.
त्यानंतर आम्ही भाऊबहीण
फक्त मिठाविषयी बोललो.

कॉफीच्या डब्यात तीनशे चाळीस युरो.
नवं इंजिन म्हणजे दोन हिवाळ्यांचं मांस.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
आमचं अंथरूण रुमालाएवढं.
सिलिंडर जुनाच ठेवला. त्याला चिकटलेलं ॲल्युमिनियम
ॲसिडच्या बोळ्यानं पुसत बसले तीन दुपारी,
म्हणजे घड्याळातल्या दुपारी; बाहेर रात्रच,
सूर्य अजून आठवडाभर येणार नव्हता.
खिडकी उघडी. डोळ्यांना धार.
एव्वान न विचारता स्टोव्हमध्ये लाकूड घालत राहिला.
बेअरिंग कानाशी धरून फिरवलं:
वाळू ऐकू आली नाही. राहू दे.
पिस्टन नवा, रिंगा नव्या, गॅस्केट नवी.
सील मात्र बरे दिसत होते. राहू दे.
अठ्ठावीस युरो वाचले.

जोडून झालं. तरी मन मानेना,
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघू म्हटलं.
हवेच्या वाटा सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बुजवल्या,
शेजारच्या वास्कोचा पंप लावला,
आणि भांड्यांचा साबण फेसाळून
दाढीच्या ब्रशनं सगळीकडे माखला.
काटा सातवर.
मग साडेसहावर.
मग सहावर.
आम्ही दोघं वाकून, टॉर्च एकाच्या दातांत.

मॅग्नेटोच्या बाजूला, सीलच्या ओठाशी,
एक बुडबुडा आला.
वाटाण्याएवढा.
फुटला. दुसरा आला.

हवा इथून आत जात होती. पेट्रोल पातळ पडत होतं,
आणि त्या पेट्रोलातच तेल. पन्नासाला एक, मोजून घातलेलं.
दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी याच सीलला
बरा आहे, राहू दे, असं म्हणणारी मीच होते.
आणि काल पुन्हा.
एव्वान काही बोलला नाही.
त्यानं टॉर्च तोंडातून काढली, शर्टाला पुसली,
आणि पाना माझ्या हातात दिला.

पुन्हा सगळं उघडलं.
सील आले, पोस्टानं, बिस्किटाच्या पुड्याएवढ्या खोक्यात.
कार्ब्युरेटरला जेट एक नंबर मोठा घातला.
धूर जास्त होईल, एव्वान म्हणाला. पेट्रोल खाईल.
पूर्वी नव्वदनं जायची.
सत्तरनं जाईल, मी म्हटलं.
जाईल तिथून येईल.

पहिली दोरी त्यानं ओढली. पाचव्यांदा पेटलं.
तापवलं, थंड केलं, तापवलं, थंड केलं,
सिलिंडरवर त्याचा तळवा, आजारी वासराला लावावा तसा.
दक्षिणेकडे आभाळ जरा गुलाबी, पुरेसं नाही.

टाकी भरताना त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं:
तेल किती घातलंस?
पन्नासाला एक.
मोजून?

मी मापाचा डबा त्याच्यापुढे धरला.
त्यानं तो दिव्याशी नेला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिला,
आणि डिसेंबरानंतर पहिल्यांदा
इतका हसला की बर्फात बसला.