एक सरळ रेघ

मंगळवार, संध्याकाळी सहा ते सव्वानऊ.
कम्युनिटी कॉलेजची ही इमारत पूर्वी सुपरमार्केट होती.
मी जिथून गोठवलेले मटार घ्यायचे
तिथंच आता उणे ऐंशीचा फ्रीझर घुमतो.
फरशीवर ट्रॉल्यांचे ओरखडे अजून आहेत.

आम्ही अकरा जण.
टायरेल डुकरांच्या फार्मवरून येतो, दोनदा आंघोळ करून,
तरी दाराशी थांबून स्वतःच्या बाहीचा वास घेतो.
यारित्झा येते, लेकीला शेजारणीकडे झोपवून.
आणि मी, वर्लीन हॉजेस, वय त्रेपन्न,
सव्वीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत.
धागा तुटणार, हे त्याच्या आधी माझ्या बोटांना कळायचं.

इथं बोटांना काही कळू द्यायचं नसतं.
जन्मभर पायांचे मोजे केले,
आता हातांचे चढवते, एकावर एक दोन.
झगा जमिनीला लागता कामा नये.
बाकाच्या अल्याड ओवळं, पल्याड सोवळं,
आणि नाकाला नेमकी पल्याड गेल्यावर खाज सुटते.

प्रुइटबाई सांगतात :
या पेशी एका हॅमस्टरच्या,
आमच्यापैकी कुणीही जन्मायच्या आधीच्या.
ती बिचारी केव्हाच मेली.
पेशींना ते कुणी कळवलेलं नाही.
त्या आपल्या दुप्पट होतात, पुन्हा दुप्पट,
आणि त्यांच्यातून औषध निघतं, कुणाच्या तरी सांध्यांसाठी.
टायरेल हसला. मी नाही हसले.
आम्हांलाही शुक्रवारपर्यंत कुणी कळवलं नव्हतं.
गुरुवारी आम्ही पूर्ण पाळी भरली होती,
साडेचार हजार जोड.

चौथ्या आठवड्यात माझा फ्लास्क गढूळला.
गुलाबी होता, तो पिवळट, धूसर,
भांडी विसळल्या पाण्यासारखा.
कुठंतरी, कधीतरी
माझी बाही हवेच्या वाटेत आली असणार.
ब्लीच ओतलं. दहा मिनिटं थांबले.
मग वहीत आकडा खोडायला पांढरी शाई शोधू लागले
तशा बाई मागून म्हणाल्या,
खोडायचं नाही, वर्लीन.
चुकीवर एक सरळ रेघ, एकच.
खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला तुझी आद्याक्षरं, आजची तारीख,
आणि कारण.

मला वाटलं होतं, रागावतील.
गिरणीत मुकादम जोड फेकून मारायचा.

मधे कंपनीचा माणूस येऊन गेला, डोनट घेऊन.
म्हणाला, जागा निघतील.
कोण काढणार, किती, ते नाही म्हणाला.
दारावरच्या पोस्टरात एक पोरगी हसत फ्लास्क उंच धरते,
हातमोजे नाहीत, चष्मा नाही.
यारित्झानं तिला पहिल्याच दिवशी नापास केलंय.

काल पिपेटच्या टोकाशी थेंब थांबला
आणि पडायच्या आधी
अंगठ्याला कळलं.
दोन हातमोज्यांतून.
मी कुणाला सांगितलं नाही.

रात्री घरी आले तर स्वयंपाकघरातला बल्ब गेलेला.
फ्रीज उघडून त्या उजेडात यादी धरली.
दूध. बल्ब. रॉइसच्या गोळ्या.
तळाशी माझ्याच अक्षरात, कागद पिवळा पडेपर्यंत
एका यादीतून दुसरीत उतरवत आणलेलं :
गिरणीच्या ऑफिसात फोन करणे.
त्यावर एक रेघ ओढली, सरळ.
व. हॉ. तारीख.

कारणाच्या जागी पेन टेकवून
किती वेळ उभी होते कोण जाणे.
दार लाव, आतून रॉइस म्हणाला,
गारवा जातोय सगळा.