सापडली नाही

व्हायरस मी मार्चमध्येच काढला होता.
तरी कुताइसीतल्या त्या औषधांच्या दुकानात
रोज सकाळी नऊला, शटर वर गेलं की
पडद्यावर तीच राखाडी चौकट:
अमुक फाइल सुरू करता आली नाही. सापडली नाही.

त्सियाला ओके दाबायची.
चहा ठेवायची. दुसरी चौकट. पुन्हा ओके.
सात महिने.
'फोन करावा असं वाटलं नाही?'
'म्हटलं, विचारतंय बिचारं. उत्तर दिलं की गप्प बसतं.'

मी स्टार्टअपची यादी उघडली.
प्रिंटर, घड्याळ, जॉर्जियन कीबोर्ड,
आणि तळाशी एक नाव. नाव कसलं,
कुणी डोळे मिटून बोटं आपटावीत तशी अक्षरं.
चोर केव्हाच गेला,
पण घरात त्याचं पान अजून मांडलं जात होतं,
रोज हाक जात होती: जेवायला चल.

नोंद पुसायला चार सेकंद लागले.
त्याआधी रजिस्ट्रीची एक प्रत काढून ठेवली;
माझे हात चुकतात, हे मला ठाऊक आहे.

रीस्टार्ट. पंखा घुमला. डेस्कटॉप आला:
रिओनी नदी, पूल, आणि पुलावर
फोटोत अर्धवट सापडलेला कुणाचा तरी खांदा.
चौकट नाही.

त्सियालाचा हात माउसवर तसाच.
'थांब,' ती म्हणाली, 'अजून यायचीय.'
बाहेर गिऱ्हाईक काच वाजवत होतं.
आम्ही दोघं थांबलो.