पाझराची नोंदवही

कोसमटोल्याचं धरण मातीचं.
पायथ्याशी पत्र्याची एक खाच आहे, व्ही आकाराची.
तिच्यातून वाहतं ते पाझराचं पाणी
म्हणजे धरणाची नाडी.
झितरू कुमरे रोज सकाळी तिथे पट्टी बुडवायचा,
एकोणीस वर्षं.
वहीत आकडा, आकड्यापुढे सही :
एक आडवी रेघ, आणि तारेवर पाखरू बसावं तसा
वर एक ठिपका.

मी महिन्यातून एकदा जीपने यायचे.
कधी उतरायचे, कधी नाही.
'धरणाची स्थिती' या रकान्यात लिहायचे : समाधानकारक.
मागच्या साहेबांनी तेच लिहिलेलं,
त्यांच्याही मागच्यांनी.
शब्द एकच, फक्त शाई निळीची काळी झालेली.

वीजघराच्या खिडकीत एकदा दारूचे पव्वे दिसले,
ओळीने चाळीसेक.
मी मेमो काढला. कामावर मद्यपान, तीन दिवसांत खुलासा करावा.

खुलासा त्याने लिहिला नाही.
एक पव्वा उचलला, उन्हात धरला.
बुचावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
"पानी झरते त्याचं भेव नाई, बाई.
मातीचं धरन झरतेच.
साफ झरते तवरोक ठीक.
गढूर आलं का समजा,
थे आपलंच पोट खाऊन रायलं."

जुने पव्वे आरपार होते.
शेवटच्या नऊंच्या तळाशी
नखाएवढा थर, पिवळ्या मातीचा.

अश्विन होता. तलाव काठोकाठ.
पाणी सोडायच्या दरवाजाचं चाक चौथ्या आट्यावर अडकलेलं,
ग्रीसच्या जागी कुंभारमाशीचं घर.
वर फोन केला. प्रस्ताव पाठवा, म्हणाले.
दोन मशिनींपैकी पहिलीचं बेअरिंग कधीच नागपूरला गेलेलं,
अजून परत आलं नव्हतं.
दुसरी चालायची, कोणी जवळ बसून राहिलं तर.
पण पाणी जायला मशीन फिरली पाहिजे,
मशीन फिरायला कोणीतरी वीज जाळली पाहिजे,
आणि तालुक्याची लाइन सागाचं झाड पडून बंद.
उरले तीन टोले.

झितरू घरोघर गेला. खरं तेच सांगितलं.
खालच्या टोल्यातल्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, शेळ्या
वरच्या शाळेत हलल्या.
बाकीच्यांना म्हणाला, असंन नसंन ते सारं चालू करा.
आठ आठ तास अंधारात बसायची सवय झालेली माणसं,
आधी हसली.
मग पंप लागले. लग्नातल्या माळा लागल्या.
सगुणा पटलेने गिरणी रात्रभर चालवली, दळण फुकट.
दळण संपलं तेव्हा
दळलेलंच पुन्हा दळलं.

शाळेच्या पायरीवर एका पोरीने विचारलं,
एक बल्ब म्हणजे किती पाणी?
मी पाठीमागच्या पानावर हिशेब केला.
शंभराचा पिवळा बल्ब, बारा मीटरचा उतार :
सेकंदाला लिटरभर, थोडं वरच.
ती उठली, घरी गेली,
आणि गोठ्यातलाही लावून आली.

टेकडीवरून पाहिलं तर जत्रा वाटली असती.
ती भीती होती,
शंभर शंभर वॅटने जळत असलेली.

अकरा रात्री. तलाव दीड मीटर उतरला.
मशीन नंबर दोनजवळ झितरू बसून,
तापलेल्या धातूला हात लावून,
आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा.
बाराव्या सकाळी त्याने पव्वा भरला.
आम्ही दोघं बघत राहिलो,
माती खाली बसते का, याची वाट.
चहा निवला. काही बसलं नाही.

त्या रकान्यात मी काय लिहिलं ते लांबलचक आहे,
तीन पानं जोडावी लागली.
त्याचं पुढे काय झालं अजून कळलेलं नाही.
पाणी कमी ठेवलंय, एवढंच.
मेमो मागे घेतला. नियमाप्रमाणे
मागे घेतलेल्या मेमोचीही नोंद राहते.

माझ्या टेबलावर आता एक पव्वा असतो.
वरिष्ठ येतात, बघतात, घसा खाकरतात.
मी काही बोलत नाही.
उचलते, आणि खिडकीकडे धरते.