शुद्धिपत्र

डंडीच्या ग्रंथालयातल्या तळघराला खिडकी नाही.
बाहेर टे नदी आहे, वारा आहे, हे आम्ही
वरून येणाऱ्यांच्या केसांवरून ओळखतो.

एल्स्पेथकडे जुनी वर्तमानपत्रं, माझ्याकडे
कुणा मिशनऱ्याच्या पेटीतून निघालेली मराठी पुस्तकं.
मधे यंत्र. पान पाहतं,
पापणी न लववता वाचतं
आणि बिनदिक्कत चुकतं.

तिच्याकडचा लांब शेपटाचा एस त्याला एफ वाटतो.
बंदरातून निघालेल्या प्रत्येक जहाजाचं सेल
पडद्यावर फेल होऊन येतं.
चहा गार होईस्तोवर ती एकेक शीड
पुन्हा चढवत बसते.

माझ्याकडे ख फुटतो.
राख? रारव. खिडकी? रिवडकी.
दुःखाचं दुःरव झालं तेव्हा
रव म्हणजे आवाजच की, म्हणून
क्षणभर राहू द्यावंसं वाटलं.

कसरीनं पाडलेलं भोक म्हणजे अनुस्वार, असं ते धरून चालतं.
अहवालात लिहिलंय : अचूकता सत्त्याण्णव टक्के.
उरलेली तीन टक्के
कसर.

आज मुलींच्या शाळेसाठी छापलेलं आरोग्याचं पुस्तक आलं,
करंगळीएवढं जाड, खिळे झिजलेले.
पान नऊ :
‘प्रातःकाळीं उठोन थंड उदकानें सुरव धुवावें.’
मी सवयीनं ख सांधला.
मग वाक्य वाचलं.
सुख धुवावें?

पुस्तक उघडून पाहिलं. तसंच होतं, स्वच्छ, ठसठशीत.
शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत शुद्धिपत्र :
पृष्ठ ९, ओळ ४. सुख नव्हे, मुख वाचावें.
आणि त्याखाली, जागा उरली म्हणून की काय,
चूकभूल द्यावी घ्यावी.

कुणी जुळारी. दिवा मिणमिणत असेल,
पोट रिकामं असेल,
की नुसताच म च्या खणात
एक स पडलेला.

आमचा नियम असा : यंत्राची चूक दुरुस्त करायची,
माणसाची नाही.
मी ख नीट केला. सुख तसंच ठेवलं.

का हसतेस, एल्स्पेथनं विचारलं. सांगितलं.
‘कुठल्या पाण्यानं म्हणालीस?’
थंड.
‘मग ठीक आहे. इथं तेवढंच मिळतं,’
म्हणाली, आणि पुन्हा शिडांकडे वळली.

पाच वाजता कोट घालण्याआधी
बेसिनपाशी उभी राहिले.
इथं दोन नळ वेगवेगळे, एक पोळणारा, एक गोठवणारा.
मी निळा उघडला.