जेबेलची सुई

माझं नाव झ्द्राव्को. म्हणजे ठणठणीत.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा:
दवाखान्याला एकच जिना, बावीस पायऱ्या,
आणि मी तीनदा थांबतो
कठड्यावरची नक्षी बघत असल्यासारखा.

डॉक्टर मिग्लेना म्हणाली, फुंका.
फुंकलं. नळीतला काटा जरासा उचलला
आणि म्हाताऱ्या कुत्र्यासारखा जागच्या जागी बसला.
"तुमची फुप्फुसं ऐंशी वर्षांची झालीत."
मी एकसष्टचा.
म्हटलं, वडीलधारी आहेत, मान राखायला हवा.
ती हसली नाही.

तिला काय सांगू,
मी तंबाखू ओढायच्या आधी तंबाखूनं मला ओढलं होतं.
पहाटे तीनला, कंदिलाच्या उजेडात,
आई उतारावर पानं खुडायची
आणि मी मागे, ओली पानं छातीशी धरून.
ते दव नुसतं पाणी नव्हतं. कातडीतून आत जायचं.
बांधावर ओकत बसायचो, सहा वर्षांचा.
आई म्हणायची, ऊन बाधलं.
ऊन अजून उगवायचं होतं.

तिच्या बोटांवर काळा चीक,
कच्चा टोमॅटो चोळला तरच सुटणारा.
त्याच बोटांनी पाव मोडायची. कडू लागायचा.
मग हातभर लांब चपटी सुई,
पानाच्या देठातून आरपार, पानामागून पान,
ओसरीभर माळाच माळा.
ती सुई माझ्याकडे आहे.
आई नाही. चाळीस हिवाळे खोकली.
तिनं जन्मात सिगारेट ओढली नाही.
बाप ओढायचा, खिडक्या बंद करून.

गोळ्या झाडापासूनच्या आहेत.
वसंतात पिवळी झुंबरं लोंबतात, ते झाड;
त्याच्या शेंगा आम्ही पोरांना तोंडात घालू देत नाही.
म्हणजे काट्यानं काटा.
पहिले तीन दिवस सहा-सहा, दर दोन तासांनी,
पाचव्या दिवशी शेवटची सिगारेट,
मग गोळ्या पाच, मग चार, मग तीन,
पंचविसाव्या दिवशी जेमतेम एक.
जन्मभर पाकिटं मोजली नाहीत;
आता गोळ्या मोजतो, दारावर खडूनं रेघा मारत.

सिगारेटशिवायच्या पहिल्या आठवड्यात
तोंड कोरडं, रात्री रंगीत स्वप्नं,
आणि हातांची आपसात भांडणं.
डावा उजव्याला विचारायचा: आता करायचं काय?
कुलूप दुरुस्त केलं. चांगलं होतं, तरी केलं.

सतराव्या दिवशी रुफात गेला.
तीस वर्षं एकाच पटावर फासे टाकले आम्ही.
दफन झाल्यावर कबरस्तानाच्या फाटकाशी
कुणीतरी पाकीट पुढे केलं.
घेतली. अर्धी.
ओल्या पुठ्ठ्याची चव.
तरी अर्धी ओढलीच.

दुसऱ्या दिवशी मिग्लेनाला सांगितलं.
वाटलं, उरलेल्या गोळ्या परत मागेल.
तिनं कॅलेंडर जवळ ओढलं, बोट ठेवलं:
"आज अठरावा. तीन गोळ्या.
आणि पुढच्या अंत्ययात्रेला खिशात भोपळ्याच्या बिया न्या."

संध्याकाळी सुई काढली.
लाल मिरच्या ओवल्या, देठातून आरपार,
आईच्या माळांच्याच खिळ्यांवर टांगल्या.
सुईला जुना वास आहे अजून.
हुंगली. खोटं कशाला बोलू,
बराच वेळ हुंगली.

पंचवीस रेघा होऊन महिना झाला.
काल बेकरीत विचारलं कुणी, "सोडली का?"
मी मान डावी-उजवीकडे हलवली.
आमच्या मुलखात त्याचा अर्थ हो.
परक्याला वाटेल, नाही म्हणतोय.
कधीकधी, पहाटे तीनला जाग आली की,
मलाही नक्की सांगता येत नाही.

आज जिन्यात दोनदाच थांबलो.
कठड्यावर नक्षीबिक्षी काही नाही.
नुसता गंज आहे.